एमिल व्होंड्राचेक माणसं मोजतात

“मोजायला परत तोच म्हातारा बसवलाय ना? मग झालंच आपलं,” मार्लिसच्या मानेमागे कुणीतरी पुटपुटलं. “मागच्या वेळी आकडा त्यानेच फिरवला म्हणे. त्यांच्या खिशातला आहे तो.”

रांग शाळेच्या दारापासून पार सायकली लावायच्या कठड्यापर्यंत गेली होती आणि बर्फात उभं राहून सगळ्यांचीच नाकं लाल झाली होती. मार्लिसने वळून पाहिलं नाही. जाकिटाचं टोपडं तिने कपाळापर्यंत ओढलं होतं, त्यामुळे मागून ती कुणीही असू शकत होती. आवाज मात्र कुणाचाही नव्हता, तो कर्स्टनचा होता. दोन वर्षांपूर्वी या गल्लीत राहायला आलेली, सिनेटरबाईंच्या प्रचाराची इथली म्होरकी, आणि गेला हिवाळाभर मार्लिसच्याच स्वयंपाकघरात बसून, मार्लिसचीच कॉफी पिऊन, आज कुणाकुणाची दारं ठोठावायची हे ठरवणारी कर्स्टन. बापाच्या घरी मात्र मार्लिसने तिला कधी नेलं नव्हतं. कॉलरच्या आत कुणी बर्फाचा खडा सोडावा तसं ते वाक्य उतरलं आणि वितळेना. वळावं, टोपडं मागे करावं आणि म्हणावं, तो म्हातारा माझा बाप आहे बाई, आणि तो कुणाच्या खिशात मावणारा नाही. पण मग ती विचारणार, आकडा चुकला कसा? आणि त्याचं जे खरं उत्तर होतं ते रांगेत उभं राहून देण्यासारखं नव्हतं. बसूनही देण्यासारखं नव्हतं. मार्लिसने हातमोजे काढून पुन्हा घातले. रांग थोडी सरकली. कारखान्याच्या बाजूने भाजलेल्या ओटचा वास येत होता. वारा नदीवरून वाहायला लागला की अख्खं सीडर रॅपिड्स शहर कुणीतरी न्याहारीला बोलावल्यासारखं घमघमायचं. बाबांच्या सदऱ्यांना जन्मभर हाच वास. आई म्हणायची, या माणसाला भिजत घातलं तर सकाळी नुसती खीर सापडेल.

हॉलमध्ये शिरल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरली. ती पुसून पाहिलं तर शाळेचा बास्केटबॉलचा हॉल माणसांनी भरलेला. कडेवर पोरं घेतलेल्या आया, पाळी संपवून तशाच निळ्या कपड्यांत आलेल्या नर्स, आयुष्यात पहिल्यांदाच आलेली कॉलेजची मुलं, काठ्या, चाकाच्या खुर्च्या, प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला. यंदा मतदारांत उत्साह फार आहे, असं टीव्हीवाले महिनाभर सांगत होते. मार्लिसने तो उत्साह दारोदार जाऊन जवळून पाहिला होता. तो संताप होता, आंघोळ करून, भांग पाडून, बिल्ला लावून आलेला. समोरच्या पक्षावरचा म्हणावा तर तसंही नाही; समोरचे लोक नदीपलीकडे आपापल्या सभेत बसले होते आणि त्यांच्यावर चिडायला नोव्हेंबरातली अख्खी निवडणूक पडली होती. हा राग घरातला होता, राष्ट्राध्यक्षपदाला पक्षाने कुणाला उभं करावं यावरून आपल्याच माणसांवरचा, आणि घरातल्या रागाला जी धार असते ती बाहेरच्याला कुठून येणार. गव्हर्नरवाल्यांचं म्हणणं, तुमच्या सिनेटरबाई बोलतात छान, पण त्यांना उभं केलं की आपण बुडालो. सिनेटरवाल्यांचं म्हणणं, तुमचा गव्हर्नर जिंकला काय आणि हरला काय, आमच्या घरात फरक काय पडणार. दोन्ही म्हणणी खरी होती आणि म्हणूनच कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

उमेदवार ठरवायच्या पक्षाच्या या सभेला, कॉकसला, मतपेटी नसते. गव्हर्नर हवा असेल तर घड्याळाखालच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सिनेटरबाई हव्या असतील तर चढायच्या दोरांपाशी, आणि मन ठरलं नसेल तर मधे खाऊच्या टेबलाजवळ घोटाळायचं. सगळं शेजाऱ्यांसमोर, विहिणीसमोर, दात उपटणाऱ्या डॉक्टरसमोर. ज्या कोपऱ्यात शंभरामागे पंधरा माणसंही जमत नाहीत तो कोपरा मोडतो. तिथल्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जावं, नाहीतर घरी. म्हणून इथे भाषणापेक्षा मोजणं मोठं. आणि या वॉर्डात मोजायचं काम मार्लिसला आठवतं तेव्हापासून बाबांचं. कारखान्यातल्या संपात ते शिकले होते, की बोट दाखवून मोजलं तर माणसाला आपण मेंढरू झाल्यासारखं वाटतं आणि तो चुळबुळ करतो. खांद्यावर हात ठेवला तर तो थांबतो. ते खांद्यावर हात ठेवत आणि आकडा न म्हणता नाव घेत. बेस. ओटो. मिसेस पेत्रिक. नावं संपली की कागदावर आकडा लिहीत, आणि मागच्या वेळेपर्यंत त्या आकड्याला कधी कुणी हरकत घेतली नव्हती. लहानपणी मार्लिस आणि तिचा भाऊ लाइल भिंतीकडेच्या बाकांवर पाय हलवत बसत आणि बाबांचा तो मोठा पांढरट हात एकेका खांद्यावर उतरताना पाहत. आपल्या बापाने हात ठेवला म्हणून माणसं आहेत, नाहीतर ती नसतीच, असं तिला तेव्हा वाटे. आता चाळिशी उलटून दहा वर्षं झाली तरी त्यातलं थोडं शिल्लक होतं, आणि त्याचा तिला रागही येई. दातांच्या दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या भेटीच्या वेळा ठरवणारी, नवऱ्याला सोडून सुटसुटीत झालेली, जगातल्या कुठल्याही पुरुषाचा फारसा मुलाहिजा न ठेवणारी बाई. आणि बापाचा हात म्हटलं की लगेच बाकावर बसून पाय हलवायला तयार.

बाबा बास्केटखालच्या टेबलापाशी होते. तपकिरी स्वेटर, तिनेच लावून दिलेली बटणं, तिनेच पाडलेला भांग. त्यांना आणून लाइल घड्याळाखाली जाऊन उभा राहिला होता. हॉलच्या या टोकाला बहीण, त्या टोकाला भाऊ. मागच्या वेळीही असेच होते. मागच्या वेळी सिनेटरबाई नव्हत्या, त्यांच्यासारखाच दुसरा कुणी होता, आणि तो पडला, आणि मग नोव्हेंबरात सगळाच पक्ष पडला, आणि त्यानंतरच्या सणाच्या जेवणाला लाइल टर्की कापता कापता म्हणाला होता, की तुमच्यासारख्या रुसूबाईंमुळे पडला. मार्लिस ताटावरून उठली होती. आता दोघं बोलत, पण हवामानाबद्दल आणि बाबांबद्दल, आणि बाबांबद्दलसुद्धा हवामानाबद्दल बोलावं तसंच. आज बरे आहेत. आज जरा ढगाळ. उन्हाळा संपता संपता बाबा सकाळचा डबा घेऊन बसने कारखान्याच्या फाटकाशी उतरले होते आणि पहारेकऱ्याला विचारत होते, माझी पाळी कुठल्या मजल्यावर लावलीय. निवृत्त होऊन पहारेकऱ्याच्या वयाएवढी वर्षं लोटली होती. मार्लिसने फोन केला तर लाइल म्हणाला, थकलेत. तो शब्द दोघांना इतका सोयीचा वाटला की तोच कायम झाला. टोपी ओव्हनमध्ये सापडली, थकलेत. पोस्टमनला मेलेल्या मित्राच्या नावाने हाक मारली, थकलेत. शेजारीही मान हलवून म्हणत, हो ना, थकलेत हल्ली, आणि पुढे काही विचारत नसत. पक्षाच्या कचेरीतून फोन आला, की एमिल यंदाही मोजणार ना, तेव्हा फोन मार्लिसने घेतला होता. बाबा दारात उभे राहून कंगवा हातात घेऊन ऐकत होते. त्या बाईला नाही म्हणणं किती सोपं होतं. पण मार्लिस म्हणाली, विचारायचं काय त्यात, ते आहेतच. नंतर लाइलला सांगितलं तर तोही म्हणाला, असू दे, त्यांना तेवढंच एक आहे. चार वर्षांत बहीण-भावाचं एकमत झालं ते या एका गोष्टीवर.

आणि ती सिनेटरबाईंच्या कोपऱ्यात का उभी होती, हे तिने कर्स्टनला कधी नीट सांगितलं नव्हतं. न्याय, समता, वगैरे शब्द कर्स्टनकडे होते. मार्लिसला एकच वाक्य भिडलं होतं, टीव्हीवर ओझरतं ऐकलेलं. सिनेटरबाई म्हणाल्या होत्या, की म्हाताऱ्या माणसाला घरी सांभाळायला सरकारने पगारी माणूस द्यावा, लेकी-सुनांनी नोकऱ्या सोडून का बसावं. तेव्हा मार्लिस मोजे जोडीने लावत होती आणि हातातला मोजा तसाच राहिला. शेजारच्या खुर्चीत बाबा पेंगत होते. त्या वाक्यासाठी तिने हिवाळाभर दारं ठोठावली, कुत्री अंगावर घेतली. ग्लेन ओस्टरबर्गने, जो शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा आणि आता नळदुरुस्तीचं दुकान चालवतो आणि गव्हर्नरचा इथला पुढारी आहे, दार उघडून तिला विचारलं होतं, “काय गं मार्लिस, तुमच्या बाई सगळं फुकट देणार म्हणे. माझा गुडघापण बदलून देतील का?” ती म्हणाली होती, डोकं बदलायचं असेल तर आधी ये. दोघं हसले होते. तेव्हा अजून हसत होते.

दारापाशी आत येणाऱ्यांची नोंद झाली, त्यावरून एका कोपऱ्याला निदान सतरा माणसं हवीत असं ठरलं. गव्हर्नरचा कोपरा तर नुसता ओसंडत होता. दोरांपाशी जमलेल्यांना कर्स्टनने स्वतः मोजलं आणि अठरा म्हणून अंगठा वर केला. कोपरा तगला होता. मग बाबा आले. पहिल्या खांद्यावर हात, दुसऱ्या खांद्यावर हात. मार्लिसने पाहिलं की ते नावं घेत नाहीयेत. ओठ हलत होते, पण नुसतेच, पाणी पिताना हलावेत तसे. ते तिच्यापाशी आले. हात खांद्यावर पडला, जड, ऊबदार, तोच हात, आणि ते तिच्याकडे पाहून हसले. परक्या घरात पाहुणा हसतो तसं, अदबीने. मग पुढे गेले. कॉलेजच्या दोघा मुलांच्या मधून, त्यांना न मोजताच, निसटले, एका नर्सला वगळलं, वळले, आणि टेबलाशी जाऊन माइकमध्ये म्हणाले, पंधरा.

घड्याळाखाली टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या मार्लिसला चांगल्या ओळखीच्या वाटल्या. दुसऱ्याचं घर कोसळलं की वाजतात त्या. कर्स्टन टेबलाकडे धावली. परत मोजा म्हणाली. बाबांनी मान डोलावली, परत आले, परत हात, परत ओठ. या वेळी मार्लिसच्या खांद्यावर तो हात दोनदा पडला. दोनदा, आणि मधे फारसा वेळही गेला नव्हता. आता बोल, तिने स्वतःला सांगितलं. आत्ता, हळूच, बाबांच्या कानात, पाणी प्यायच्या निमित्ताने त्यांना बाहेर ने. पण ते माइकपाशी पोचलेसुद्धा होते आणि त्यांनी एकवीस म्हणून टाकलं होतं.

मग जे सुरू झालं ते तिने अशा हॉलात कधी ऐकलं नव्हतं. ग्लेन म्हणाला, पंधराची एकवीस झाली, मागच्या दाराने कोण आलं. कर्स्टन म्हणाली, आधी आमची तीन माणसं खाल्लीत, ते पचलं नाही म्हणून आता ओकताय. कॉलेजची मुलं फोन उंच धरून चित्रं घ्यायला लागली. कुणी म्हणालं, मागच्या वेळीही असंच झालं. कुणी म्हणालं, याची पोरगी तिकडे उभी आहे, वाढणार नाही तर काय होईल. त्यावर इकडच्या कुणीतरी ओरडून सांगितलं, याचा पोरगा तिकडे उभा आहे, ते नाही दिसत? दोन्ही बाजूंना एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, की म्हातारा दुसऱ्या बाजूचा आहे. खाऊच्या टेबलाशी मन न ठरलेली माणसं हातातलं बिस्किट न खाता उभी होती. मिसेस पेत्रिक, जिने आईच्या शेवटच्या दुखण्यात रोज सूप आणून दिलं होतं, जिच्या अंगणात अनवाणी भटकणाऱ्या बाबांना दोनच महिन्यांपूर्वी चपला घालून परत आणावं लागलं होतं, ती मिसेस पेत्रिक घड्याळाखाली उभी राहून शेजारणीला म्हणाली, एमिलकडून ही अपेक्षा नव्हती. आणि मार्लिसच्या डोक्यात काहीतरी पेटलं. हिला माहीत आहे. हिला सगळं माहीत आहे. ग्लेनलाही माहीत आहे, गेल्या महिन्यात नळ दुरुस्त करायला आला तेव्हा बाबांनी त्याला तीनदा विचारलं होतं तू कुणाचा मुलगा, आणि तीनदा त्याने समजुतीने सांगितलं होतं. निम्म्या हॉलला माहीत आहे. तरी यांना चोर हवाय. माणूस म्हातारा झाला, त्याच्या डोक्यातली माणसं एकेक करून निघून चालली, हे सरळ साधं दुःख यांना पुरत नाही, कारण त्याला बाजू नाही. चोराला बाजू असते. चोर मिळाला की दोन्ही कोपऱ्यांना घरी नेण्यासारखं काहीतरी मिळतं.

तिने हॉलच्या पलीकडे लाइलकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. बघ वर, तिने मनात म्हटलं, बघ वर, नामर्दा. लहानपणी तिच्या वाटणीचं चॉकलेट खाऊन तो असाच बुटांकडे बघायचा. आणि तू काय करतेयस, असं तिचं तिलाच ऐकू आलं. तू का गप्प? तिलाही चोरच हवा होता. चोर म्हटलं तर निदान डोकं शाबूत आहे असं ठरतं. चोराला लबाडी करता येते, आकडा इकडचा तिकडे करता येतो, त्याला माणसं भितात, त्याच्यावर चिडतात, त्याच्याशी भांडतात. वेड्याशी कोण भांडतं? त्याच्याशी लोक मोठ्याने आणि सावकाश बोलतात, आणि त्याच्या देखत त्याच्याबद्दल दुसऱ्याला विचारतात. झाकली मूठ होती, आणि ती तिने आणि लाइलने दोन्ही बाजूंनी घट्ट धरून ठेवली होती. आणि मुठीत बाबा होते.

ग्लेन टेबलाशी गेला. तो चिडला होता, पण आवाज त्याने खाली आणला होता, आणि मार्लिसला ते जास्त भयंकर वाटलं. म्हणाला, कचेरीला फोन लावावा लागेल, दुसरा माणूस आणून मोजावं लागेल, आणि तो यायच्या आत निम्मे लोक घरी जातील. मुलं झोपायला आलीत. मग माइकवर हात ठेवून, पण पुरेसा न ठेवता, तो म्हणाला, “एमिल, तुम्हाला सगळे मानतात. तुमची मुलगी तिकडे आहे, माणूस आहे, होतं असं. एकदा म्हणा की जरा झुकतं माप टाकलं, आणि आपण पहिलाच आकडा धरू. कुणी तुम्हाला काही बोलणार नाही.”

पहिला आकडा म्हणजे पंधरा. म्हणजे दोरांपाशीचा कोपरा मोडणार. कर्स्टन काहीतरी बोलायला लागली आणि कुणीतरी तिला गप्प केलं, कारण बाबा उभे राहत होते.

ते टेबलाला धरून उभे राहिले आणि त्यांनी हॉलभर नजर फिरवली. मार्लिसला वाटलं ते वाट विचारणार. डोळ्यांत ती धुकट भीती होती जी ती गेले कित्येक महिने रोज पाहत होती. कोण आहेत ही माणसं, आणि माझ्याकडे का बघतायत. मग त्या धुक्यात कुठेतरी वाट सापडल्यासारखी त्यांची नजर दोरांपाशी येऊन थांबली, तिच्यावर. या वेळी त्यांनी तिला ओळखलं. त्यात शंका नव्हती. त्यांची हनुवटी वर झाली, खांदे मागे गेले, संपाच्या जुन्या फोटोत होते तसे, आणि डोळ्यांत एक लबाड चमक आली, जिच्यावर आई भाळली होती असं आईच सांगायची.

“हो,” बाबा माइकमध्ये म्हणाले. आवाज खणखणीत होता. “मी मुद्दाम केलं. पोरीसाठी वाढवली माणसं. काय करणार, बाप आहे मी.”

हॉलमधून एक सुस्कारा गेला. तिने तो दोन्ही कोपऱ्यांतून ऐकला. राग नव्हता तो, हायसं वाटलं होतं सगळ्यांना. कुणी हसलंसुद्धा, जरा मायेनेच. ग्लेनने बाबांच्या पाठीवर थाप मारली. मिसेस पेत्रिकने मान हलवली, बघा, म्हटलं नव्हतं मी. लाइलने आता वर पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकी सुटका होती की मार्लिसला तिथून पळत जाऊन त्याच्या तोंडात द्यावीशी वाटली. आणि बाबा तिच्याकडे बघत होते, खुशीत, डाव जिंकलेल्या माणसासारखे. त्यांनी निवडलं होतं. मोजता येत नाही म्हणवून घेण्यापेक्षा चोर म्हणवून घ्यायचं, हे त्यांनी हॉलभर माणसांसमोर, शाबूत डोक्याने निवडलं होतं, आणि वर तिच्यासाठी म्हणून तिला देऊनही टाकलं होतं. आता गप्प राहिलं की झालं. गल्लीत चार दिवस चर्चा होईल, मग लोक हसून सोडून देतील. बाबा उद्याही एमिल व्होंड्राचेक राहतील, जरा वाकड्या चालीचा, पण पुरा माणूस. फक्त त्यांच्या आयुष्यभराच्या मोजण्यावर, बेस, ओटो, मिसेस पेत्रिक, त्या प्रत्येक खांद्यावर आता शाई सांडली होती. मागच्या वेळचे आकडे, त्याच्या मागच्या वेळचे, संपातले, सगळे. आणि कर्स्टनने रांगेत म्हटलेलं कायमचं खरं होणार होतं.

ग्लेनने माइक हातात घेतला, ठीक आहे मंडळी म्हणाला, आणि कागदावर पंधरा लिहायला वाकला. मार्लिस चालायला लागली. हॉलच्या मधून, रंगीत पट्ट्यांवरून, खाऊच्या टेबलाला वळसा घालून. कर्स्टन मागून तिचं नाव घेत होती. बाबा अजून हसत होते. ती जवळ यायला लागली तसं ते हसू जरा घाबरलं, आणि त्यांनी मान किंचित, कुणाला दिसणार नाही इतकी हलवली. नको. तिने ते पाहिलं. तिला त्यांचा इतका राग आला होता, आणि लाइलचा, आणि या भरल्या हॉलचा, आणि स्वतःचा, की तो राग आता एकाच आकाराचा झाला होता. तिने ग्लेनच्या हातातून माइक घेतला नाही. त्याची गरज नव्हती.

“ते खोटं बोलतायत,” मार्लिस म्हणाली. “त्यांनी आकडा फिरवला नाही, ना तुमच्यासाठी ना आमच्यासाठी. जन्मात कधी फिरवला नाही. बाबांना आता मोजता येत नाही, ग्लेन. तुला माहीत आहे. लाइलला माहीत आहे. आज सकाळी मी त्यांना कॉफी दिली तर त्यांनी माझे आभार मानले आणि मला विचारलं, मार्लिस किती वाजता येणार आहे.”